भावाच्या वजनाचं पाणी

चि. सोमेश्वर यास,

आक्काचे आशीर्वाद. आक्का म्हणजे कोण हे आठवायला तुला वेळ लागंल, म्हणून आधी ओळख सांगते. मी सुभद्राबाई, तुझी थोरली बहीण. तू लहान असताना तुला काखेत घेऊन मी तलवाड्याच्या पांदीनं इतकी हिंडले की माझी डावी बाजू अजून जरा खाली हाय. आपल्या आईला दोनच लेकरं होती, त्यामुळं दुसऱ्या कुण्या बहिणीशी घोटाळा व्हायचं कारण न्हाई. इतकं सांगूनही आठवलं न्हाई तर अंजनाला विचार. तिच्या लग्नात तू बरा हायस असं मीच तिला खोटं सांगितलं होतं.

अंजना खुशाल असंल. म्हशी खुशाल असतील. तुझी तब्येत मी विचारत न्हाई, कारण फोनवर विचारलं की तू ‘एकदम झकास’ म्हणतोस, फोन अंजनाच्या हातात देतोस आणि गोठ्यात निघून जातोस. गोठ्यात एवढं काय काम असतं देव जाणे, म्हशींनी काय तुला पंच नेमलंय का? म्हणून हे पत्र. पत्र वाजत न्हाई, त्यामुळं ते कुणाच्या हातात द्यायची सोय न्हाई. मला अक्षर येत न्हाई हे तुला ठाऊकच हाय. मी बोलतीय आणि सून सुरेखा लिहायलीय. तिनं बीए केलंय, म्हणून माझं बोलणं ती मधून मधून इस्त्री करून लिहिती. जिथं लई चांगली मराठी दिसंल तिथं ती मी न्हाई असं समज. (आत्याबाई सांगतील तसंच लिहायलेय. सुरेखा.)

आमच्याकडं सगळे धडधाकट. पोरगा धर्मराज ऊसतोडीवरून बैलं घेऊन परत आलाय. बैलं त्याच्यापेक्षा जास्त खातात, पण त्याच्यापेक्षा कमी बोलतात, म्हणून घरात बैलांची इज्जत जास्त हाय. लेक मनिषा आणि जावई आदिनाथ चार दिवस राहायला आलेत. जावईबापूंचं वडवणीला पाइप आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान हाय हे तुला माहीत हाय. त्यांना पाण्याबद्दल सगळं ठाऊक असतं, फक्त आमच्या नळाला कधी येतंय तेवढं सोडून.

आता मुद्दा. तुझं पोटाचं आपरेशन झालं तेव्हा मी बीडच्या दवाखान्यात बाहेर बसले होते. आत न्यायच्या आधी नर्सबाईनं तुला काट्यावर उभं केलं. तू पोट आत ओढून घेतलंस (पोट आत ओढल्यानं वजन कमी भरतं हा तुझा शोध). नर्सबाईनं जोरात सांगितलं, चौऱ्याऐंशी. साऱ्या व्हरांड्यानं माना वळवून बघितलं. मग दार लागलं आणि मला दुसरं काही सुचलं न्हाई. मी नारायणगडाकडं तोंड केलं (म्हणजे मला वाटलं त्या बाजूला केलं, नंतर कळलं तिकडं एसटीचा डेपो हाय) आणि नवस बोलले की भाऊ नीट बाहेर आला तर गडावर त्याची तुला करीन. लोक गुळानं तुला करतात, पेढ्यानं करतात. पण तुझा घेर डोळ्यापुढं आला आणि गूळ म्हणता म्हणता जीभ अडली. मी म्हणलं, पाण्यानं करीन. भावाच्या वजनाचं पाणी गडावर चढून आलेल्या तहानलेल्या माणसांना पाजीन. देव काही बोलला न्हाई. गप राहणं म्हणजे कबूल, हा आपल्यात नवरीला लावतात तो कायदा मी देवाला लावला.

तू बाहेर आलास. वर्ष झालं. देवानं त्याचं काम केलं, माझं अडलंय, आणि ते तुझ्यामुळं अडलंय. तुला करायची म्हणजे एका पारड्यात माणूस लागतो. तो माणूस गोठ्यात.

येत्या एकादशीला गडावर जायचंच असं ठरवून मी तयारीला लागले. पहिला सवाल, पाणी किती न्यायचं? आता आमचं सारं घर ऊसतोडीत गेलेलं. आमाला वजन कळतं ते मोळीनं. मी बसल्या जागी हिशोब केला. धर्मराज म्हणतो मोळी सतरा-अठरा किलोची भरती, म्हणजे तू झालास पाच मोळ्यांचा. पाच मोळ्या बारीक तोडून कोंबल्या तर आमचा दोनशे लिटरचा निळा ड्रम काठोकाठ भरंल. म्हणजे तुझ्या वजनाचं पाणी एक ड्रम. माझ्या डोक्यात यात कुठंच खोट दिसंना. धर्मराजनं मान डोलावली. शेजारची विजयमाला म्हणली, आक्का, तुमी शाळेत गेल्या असत्या तर मास्तरणी झाल्या असत्या. मी साऱ्या गल्लीला सांगून टाकलं, भावाच्या नावानं ड्रमभर पाणी पाजणार.

जावईबापू खाटेवर पडून मोबाइल बघायलते. ते न उठता मला म्हणले, ‘मामी, दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. सोमेश्वरमामा काय हत्तीचं पिल्लू हायत का?’

मला राग आला. तुझ्याबद्दल असं फक्त मी बोलायचं असतं. मी म्हणलं, जावईबापू, लिटर हे पाण्याचं, किलो हे ज्वारीचं. दोघांची सोयरीक कुठं लावता? ते म्हणले पाण्यापुरती लागलेलीच हाय, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, मोजा न्हाई तर तोला, सारखंच. धर्मराज म्हणला, ‘दाजी, दुकानात हे सांगून टाक्या खपवता का?’ आणि ठरलं की आधी घरीच करून बघायचं.

वडवणीच्या कापसाच्या व्यापाऱ्याकडं जुना लोखंडी तराजू पडून हाय, तो धर्मराजनं बैलगाडीत घालून आणला. आता सगळीकडं आकडे पेटणारे काटे आलेत, त्यामुळं तो बिचारा माझ्यासारखाच कोपऱ्यात बसून होता. अंगणातल्या लिंबाच्या फांदीला टांगला. एका फळीवर रिकामा निळा ड्रम ठेवला. दुसरीवर तुझ्या जागी कोण बसणार? तुझ्या मापाचा माणूस घरात एकच, ते म्हणजे जावईबापू. मनिषा म्हणली, ‘बसा की, घरी तर दिवसभर बसताच.’ ते मांडी घालून बसले. त्यांची फळी जमिनीला टेकली, ड्रम वर गेला. मी बोअरचा पाइप ड्रममध्ये सोडायला लावला.

ड्रम अजून निम्माही भरला नव्हता तोच तो डुलायला लागला, आणि एकदम खाली बसला. जावईबापू वर. तू जत्रेतला पाळणा बघितलास का, तसे गेले. डोकं थेट फांद्यांत. तिथं कावळीचं घरटं होतं आणि तिची पिलं बाहेर पडायच्या बेतात होती. कावळीला तुला-नवस काही ठाऊक न्हाई. तिनं जावईबापूंच्या टाळूवर चोच मारली. ते ओरडले, ‘मामी, पाणी थांबवा!’ मी म्हणलं, थांबवायचं कावून? नवस ड्रमभराचा हाय, गल्लीला सांगून बसलेय. पाइप चालूच ठेवला. (हे अगदी खरं आहे. मी दोनदा पाइप काढायला गेले, दोनदा मला बसवलं. सुरेखा.)

ड्रम भरला. जावईबापू वरच. आता त्यांना उतरवायचं कसं? उडी मारा म्हणलं तर म्हणतात साखळीत पाय अडकलाय. ड्रम लवंडून द्या म्हणले तर आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी लवंडणाऱ्याला गावात मुलगी मिळत न्हाई. मग विजयमाला घागर घेऊन आली. तिच्या मागं तिची जाऊ, तिच्या मागं आणखी चारजणी. माझ्या जावयाला उतरवायच्या पुण्याईवर साऱ्या गल्लीनं पाणी भरून घेतलं. गंमत अशी, घागरीवर घागर निघाली तरी जावईबापू तसूभर हलंनात. नातवंडं झाडाखाली टाळ्या पिटायली, कावळी वर तिचं काम करायली. आणि मग विजयमालेनं आणखी एकच घागर काढली, तर जावईबापू धाडकन खाली. फळी वाजली, ते वाजले, बैलं बिथरली.

मग हळूहळू तांब्या तांब्यानं पाणी परत ओतत काटा बरोबर मधोमध आणला. ड्रम आणि जावई समोरासमोर लोंबकळायले. तेव्हा सुरेखानं दुधाचं लिटरचं माप आणलं आणि ड्रममधलं पाणी मोजून दुसऱ्या पातेल्यांत काढलं. सत्तर भरलं. जावईबापू टाळू चोळत म्हणले, बघा, माझं वजन सत्तरच हाय, मी म्हणलं नव्हतं का, लिटरला किलो. सुरेखा म्हणली, आणि ड्रम? ड्रम काय हवेचा हाय का? रिकामा ड्रम तोलला, तो नऊ किलोचा निघाला. म्हणजे जावईबापू एकोणऐंशीचे. मनिषा त्यांच्याकडं बघत राहिली. त्या दोघांत त्या दिवशी लिटर-किलो सोडून दुसऱ्या बऱ्याच गोष्टींवर बोलणं झालं, ते मी ऐकलं पण लिहून घेत न्हाई.

तरी धर्मराजच्या डोक्यात बसंना. त्याला टन म्हणजे काय ते अंगानं ठाऊक हाय. टन म्हणजे खोपीएवढा ढीग, टन भरला की गाडीची चाकं कण्हतात. जावईबापूंनी काठीनं जमिनीवर चौकोन काढला. म्हणले मीटरभर लांब, मीटरभर रुंद, मीटरभर खोल असा हौद बांधला तर त्यात हजार लिटर पाणी मावतं, आणि ते भरतं बरोबर एक टन. धर्मराजनं त्या चौकोनात उभं राहून बघितलं. त्याच्या कंबरेएवढा हौद! म्हणला, ‘दाजी, एवढ्याशा डबक्यात माझी साठ मोळ्यांची गाडी? मग आमी जन्मभर वाहिलं ते काय होतं?’ जावईबापू म्हणले टन टनच असतो, मग उसाचा असो का पाण्याचा. मला मात्र तेव्हा झटक्यात कळलं. अरे, मोळीत ऊस असतो निम्मा आणि हवा असते निम्मी, मुकादमाच्या बोलण्यासारखी. पाण्यात हवेला जागाच न्हाई. म्हणून ते थोड्यात लई जड. माझ्या पाच मोळ्यांच्या हिशोबात मी देवाला तुझ्या नावावर कांड्यांमधली हवासुद्धा पाजणार होते. (जावईबापूंनी एवढीच अट घातली की पाणी स्वच्छ पाहिजे. आमच्या टँकरच्या पाण्याचा लिटर किलोपेक्षा जास्त भरंल, त्यात निम्मं रान असतं.)

आता खरी गोष्ट ऐक. एकदा लिटर आणि किलो एक झाले की तराजू पाहिजेच कशाला? फक्त तुझा आकडा पाहिजे. जेवढे किलो तेवढी मापं मोजायची आणि द्यायची. म्हणून सुरेखानं अंजनाला फोन लावला. तू तेव्हा गोठ्यात होतास हे सांगायला नको. सुरेखानं सहज विचारल्यासारखं विचारलं, मामांचं वजन किती भरतं हल्ली? अंजना भोळी. म्हणली, मागल्या आठवड्यात दवाखान्यात केलं, बासष्ट.

सुरेखानं फोन ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. मी म्हणलं चुकीचं ऐकलंस. तिनं परत लावला. बासष्ट.

घरात पंचायत बसली. धर्मराज म्हणला, बरं झालं माय, बासष्टच न्यायचं, बैलांनाही सोपं. मनिषा म्हणली, नवस बोलली तेव्हा मामा चौऱ्याऐंशी होते, देव जुन्या भावानं घेणार. जावईबापू म्हणले दोन्हींची बेरीज करून निम्मं द्या (दुकानदार शेवटी). मी कुणाचंच ऐकलं न्हाई. मी सुरेखाला म्हणलं, चौऱ्याऐंशीतून बासष्ट गेले की किती? म्हणली बावीस. म्हणलं, मोज.

तिनं माप घेऊन बावीस लिटर मोजलं. मोठी घागर तोंडोतोंड भरली आणि वर एक कळशी. ते माझ्यापुढं ओट्यावर मांडलं. मी बघत बसले. नुसता आकडा कानावर पडला तेव्हा काही वाटलं नव्हतं, आकड्याचं मला काय कळतं? पण घागर मला कळती. साऱ्या जन्मात मी डोक्यावर किती वाहिल्या! मी उठले आणि ती उचलून बघितली. हलली न्हाई. सोम्या, एवढा माझा भाऊ कमी झाला आणि मला कुणी सांगितलं न्हाई. एवढा कुठं सांडलास तू? आणि इतकं ओझं अंगावरून उतरल्यावर माणूस हलका फुलका व्हायला पाहिजे, तर अंजना म्हणती तू हसत न्हाईस, अर्धी भाकरी खाऊन ताटावरून उठतोस, आणि सदरा लोंबतो म्हणून पारावर जात न्हाईस. सदरा लोंबतो तर सदरा शिवून आण, घरात कावून बसतोस? तुझा सदरा बघायला पारावर कोण येतं? तुझ्या फुशारक्या ऐकायला येतात लोक. डॉक्टरनं तेल-तूप बंद केलंय हे अंजनानं सांगितलं. हसणं बंद केलंय असं काही कागदावर दिसलं न्हाई, ती म्हणली.

तर येत्या एकादशीला ये. नवस अडलाय, देवापाशी मी जामीन हाय, आणि माझं वय बघता देव मला वर बोलावून जाब विचारायला लांब न्हाई. तराजू अजून लिंबालाच हाय. कावळीची पिलं उडून गेलीत, तुला धोका न्हाई.

अंजनाला आशीर्वाद. म्हशींना जास्त वेळ देऊ नकोस, त्या कंटाळल्या असतील.

तुझी (आठवत असंल तर) थोरली बहीण,
सुभद्राबाई
हस्ते सुरेखा

ता. क. नवस मी मागच्याच एकादशीला फेडून आले. चौऱ्याऐंशी लिटर मोजून बैलगाडीत घातलं, गडावर बसून ज्याला त्याला पाजलं. पाणी लिटरवर मोजून देता येतं तर पारड्यात माणूस लागत न्हाई, ही जावईबापूंची विद्या. देवानं काही विचारलं न्हाई. एका म्हातारीनं तेवढं विचारलं, भाऊ कुठं हाय? मी म्हणलं कामात हाय. देवाचा हिशोब मिटला. माझा बावीस लिटरचा राहिलाय, आणि तो मापानं फिटत न्हाई. म्हणून ये. (वर नवस अडलाय असं लिहितानाच मी म्हणाले होते, आत्याबाई, हे खोटं होतंय. म्हणाल्या, खरं लिहिलं तर तो फोन करून सुटंल, तू लिही. मामा, खरंच या. सुरेखा.)

आणखी एक ता. क. येताना आपला आकडा फोनवर सांगू नकोस. मला आकडा नको. आणि वाढलं की बघतेच मी अर्ध्या भाकरीवर कसा उठतोस. तेल-तुपाशिवायही माणूस भरता येतो, आपली आई भरतच होती.

शेवटचा ता. क. अंजनाला सांग, तिच्या हातची कारळाची चटणी करून पाठव, लसूण जास्त, तिखट कमी, आता दात न्हाईत. डबा एसटीच्या कंडक्टरपाशी देऊन मोकळा होऊ नकोस. मी वडवणीच्या स्टँडवर उभी राहीन, आणि डब्याच्या मागून तू उतरला न्हाईस तर डबा त्याच गाडीनं परत पाठवीन. चटणी तुझ्या हातानंच आण.